इमिग्रेशन मेडिकलमधली लघवीची तपासणी: तारीख ठरवण्यापासून रिपीट टेस्टपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, मेडिकल देऊन आलेल्या ओळखीच्या लोकांचे मला जे फोन येतात ते जवळजवळ सगळे एकाच गोष्टीवरून असतात. एक्स-रे नाही, रक्त नाही, लघवी. "ताई, युरिनमध्ये ब्लड आलं म्हणाले, आता सगळं संपलं का?" नाही, काही संपलेलं नाही. पण बहुतेक वेळा विचारपूस केली की कळतं तारीख चुकीची घेतली होती, प्रवासात पाणी प्यायलं नव्हतं, नमुना चुकीचा दिला होता, आणि नंतर घाबरून मनाने गोळ्या घेतल्या. हे सगळं मी स्वतः केलंय, म्हणून क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, पण या रस्त्याने दोनदा गेलेय आणि घरच्या चार जणांना घेऊन गेलेय.

खालचं सगळं कॅनडा धरून आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकलमध्येही लघवीची पट्टी असते, तयारी तीच. युकेच्या सहा महिन्यांहून लांबच्या व्हिसाला आपल्याकडून फक्त टीबीची तपासणी लागते, लघवीचा प्रश्नच येत नाही.

## १. आधी समजून घ्या, ही पट्टी बघते काय

कॅनडाच्या मेडिकलमध्ये पाच वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांची लघवी तपासतात, एक्स-रे अकरा वर्षांपासून, आणि रक्त, म्हणजे एचआयव्ही आणि सिफिलिस, पंधरापासून. लघवीत मुख्यतः तीन गोष्टी बघतात: रक्त, प्रोटीन आणि साखर. हेतू एवढाच की किडनीचा किंवा डायबेटिसचा लपलेला त्रास असेल तर तो दिसावा. लघवीत ड्रग्ज शोधतात, दारू शोधतात असं जे लोक सांगत फिरतात ते या नेहमीच्या तपासणीत नसतं.

पट्टी म्हणजे प्लास्टिकची अरुंद काडी, तिच्यावर रंगीत चौकोन. लघवीत बुडवून काढली की मिनिटभरात चौकोनांचे रंग बदलतात आणि ते पट्ट्यांच्या डबीवरच्या रंगांशी जुळवून बघतात. प्रोटीनचा चौकोन पिवळ्याचा हिरवा व्हायला लागतो. १+ म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. रक्ताचा चौकोन तर इतका तिखट असतो की डोळ्याला लघवी स्वच्छ दिसत असताना तो हिरवा होतो.

हे एवढ्यासाठी सांगतेय की पट्टी ही चाळणी आहे. ती रोग सांगत नाही, "पुन्हा बघा" एवढंच सांगते.

## २. तारीख ठरवणं, इथेच निम्मा घोळ होतो

माझी अपॉइंटमेंट मुंबईत होती, पाळी संपून दोन दिवस झालेले. फोनवर विचारलं होतं "पाळी चालू आहे का", मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. पण शेवटचे दोन-तीन दिवस जे थोडं थोडं राहतं ते आपल्याला दिसलं नाही तरी पट्टीला दिसतं. म्हणून माझा सल्ला, शेवटचा डाग गेल्यावर निदान चार-पाच दिवस मोकळे सोडा आणि पुढची पाळी यायच्या आठवडाभर आधीची तारीखही टाळा, म्हणजे मधले दिवस उरतात त्यातलाच दिवस घ्या. पाळी अनियमित असेल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा की बदलावी लागेल. तारीख बदलायला लाजू नका, पाळीत लघवीची तपासणी पुढे ढकलणं त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

बाकीच्यांनीही तारीख बघायची कारणं आहेत:

ताप येऊन गेला असेल तर प्रोटीन येऊ शकतं, आठ-दहा दिवस जाऊ द्या. जोरदार व्यायाम, लांब पळणं, मोठा ट्रेक यानंतर रक्त आणि प्रोटीन दोन्ही येऊ शकतं आणि ते साधारण एक ते तीन दिवसांत आपोआप जातं. रविवारी हरिश्चंद्रगड करून सोमवारी मेडिकल देऊ नका. आदल्या रात्रीच्या शरीरसंबंधानेही पुरुषांच्या नमुन्यात प्रोटीन दिसू शकतं, त्यामुळे दोन दिवस आधीपासून टाळलेलं बरं, हे कुणी उघड सांगत नाही म्हणून मी सांगतेय. उन्हाळी लागली असेल, लघवीला जळजळ होत असेल, सारखं जावं लागत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा, बरं व्हा, मग तारीख घ्या.

थांबा, हे तपासा: मुदत किती आहे ते आधी कॅलेंडरवर मांडा. मेडिकलची सूचना आल्यावर साधारण ३० दिवसांत पॅनल डॉक्टरकडे, म्हणजे कॅनडा सरकारने या तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरकडे, जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांना (गुणांवर पीआरचं आमंत्रण मिळतं ती पद्धत) अर्ज भरायच्या आधीच मेडिकल करावं लागतं आणि आमंत्रण आल्यापासून अर्जाला ६० दिवस मिळतात. म्हणून शेवटच्या आठवड्यातली तारीख घेऊच नका. रिपीट करायची वेळ आली तर हातात दिवस पाहिजेत. आणि मेडिकल साधारण १२ महिने चालतं, म्हणजे उगाच वर्षभर आधी करूनही उपयोग नाही.

## ३. औषधांची यादी आणि जुने कागद

एका कागदावर लिहा, सगळं. बीपीची गोळी, थायरॉइड, डायबेटिस, आयुर्वेदिक काढे, भस्मं, जिममधली पावडर, मल्टीव्हिटॅमिन.

डायबेटिसवाल्यांसाठी एक गोष्ट नीट सांगते, कारण यावरून माझ्या काकांची झोप उडाली होती. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं कामच असं आहे की त्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मग रक्तातली साखर छान ताब्यात असली तरी पट्टीवर ३+, ४+ साखर येणारच. काकांच्या पट्टीवर तसंच आलं, आणि समोरच्या माणसाला गोळीचं नाव त्यांनी सांगितलंच नव्हतं. अशा वेळी गोळीचं प्रिस्क्रिप्शन आणि अलीकडचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट फाइलमध्ये असला की विषय दोन मिनिटांत समजतो.

उलटही होतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने पट्टीवरचं रक्त आणि साखर लपू शकतं, म्हणजे खोटा निगेटिव्ह येतो. मुद्दाम तसं करायचा विचारही नको, पण रोज चघळायच्या गोळ्या खात असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा. बी-कॉम्प्लेक्सने लघवी गडद पिवळी होते, बीट खाल्लं तर काहींना लालसर होते, त्यावरून घाबरायचं नाही. जिमला जाणारे क्रिएटिन घेत असतील तर रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम मोजतात, थोडं वर दिसू शकतं, तेही सांगून टाका.

गरोदर असाल तर तेही आधीच सांगा, गरोदरपणात रक्तातली साखर बरोबर असूनही लघवीत थोडी साखर येऊ शकते.

मूतखडा होऊन गेलाय का? सोनोग्राफीचा रिपोर्ट घ्या. लहानपणी किडनीचा त्रास होता, एकच किडनी आहे, कधी नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे, गेला होतात, तर ते कागद घ्या.

सावधान: डॉक्टरने दिलेली बीपीची किंवा शुगरची गोळी मेडिकलसाठी मनाने बंद करू नका. आणि आजार लपवू नका. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं दार बंद होतं. आजार सांगितल्याने बहुतेकांचं काहीच बिघडत नाही, लपवल्याने बिघडतं. दुसऱ्याचा नमुना देणं हाही त्याच खात्यातला प्रकार आहे.

## ४. घरी आधी तपासून घ्यावं का?

माझं मत, ज्यांना डायबेटिस, बीपी, मूतखडा, किडनीचा इतिहास आहे किंवा वय पन्नासच्या पुढे आहे त्यांनी तीन-चार आठवडे आधी जवळच्या लॅबमध्ये साधी युरिन रूटीन करून घ्यावी, शे-दोनशे रुपयांत होते. काही निघालं तर उपचाराला वेळ मिळतो. धडधाकट पंचविशीतल्या मुलाने दर चार दिवसांनी तपासत बसू नये, त्याने फक्त काळजी वाढते.

रिपोर्टमध्ये "पस सेल्स २-४" (पूच्या पेशी) लिहिलेलं बघून लोक हादरतात. पाचपर्यंत पस सेल्स साधारण चालतात. लाल पेशींसाठी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली एका फील्डमध्ये तीन किंवा जास्त दिसल्या तर लक्ष घालतात. बायकांच्या रिपोर्टात एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या पेशी) भरपूर असतील तर बहुतेक वेळा अर्थ एवढाच की नमुना नीट घेतला गेला नाही, अंगावरून जाणारं त्यात मिसळलं.

## ५. आदला दिवस आणि ती सकाळ

मी पुण्याहून पहाटे उठून डेक्कन क्वीनने गेले. ट्रेनमधल्या टॉयलेटला जायला नको म्हणून आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्यावर होते. हे आपल्यातल्या कितीतरी बायका करतात, मी एकटी नाही. क्लिनिकला पोचेपर्यंत लघवी चहासारखी गडद. अशा घट्ट लघवीत प्रोटीन असतं त्यापेक्षा जास्त दिसतं.

तर असं करा. आदल्या दिवशी नेहमीसारखं पाणी प्या, दिवसभर विभागून. बाहेरगावचे असाल तर शक्यतो आदल्या रात्री त्या शहरात नातेवाइकाकडे मुक्काम करा. सकाळी उठल्यावर एक-दोन ग्लास, मग निघताना थोडं. रंग फिका पिवळा, पातळ लिंबू सरबतासारखा असला की झालं. जेवण साधं, उपाशी राहायची सहसा गरज नसते, तरी क्लिनिकने सांगितलं असेल ते पाळा. आदल्या संध्याकाळी जिम नको.

दुसरं टोकही नको. एकाने कुणाचं तरी ऐकून सकाळी तीन लिटर पाणी ढोसलं, नमुना पाण्यासारखा आला आणि त्याला दोन तास बसवून पुन्हा द्यायला लावला. धने-जिऱ्याचं पाणी, बार्ली, कोकम सरबत जे नेहमी पिता ते प्या, पण "किडनी साफ करणारा" काढा आदल्या दिवशी नव्याने सुरू करू नका.

निघण्याआधी बघा: मूळ पासपोर्ट, मेडिकलचं पत्र असेल तर ते, चष्मा, औषधांची यादी, जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली. घरून डबीत नमुना भरून नेऊ नका, तिथे ओळख पटवून तिथल्याच डबीत द्यायचा असतो. आणि पोचायच्या पाच मिनिटं आधी टॉयलेटला जाऊन येऊ नका, नमुना द्यायचाय.

## ६. डबीत नमुना कसा द्यायचा

हे कुणी शिकवत नाही. हातात डबी देतात, बाथरूमकडे बोट दाखवतात, मागे रांग असते आणि आपण घाईत पहिलीच धार डबीत धरतो. चूक तिथे होते.

क्रम असा. हात साबणाने धुवा आणि डबीचं झाकण उघडून उलटं ठेवा, आतल्या बाजूला बोट लावू नका. बायकांनी समोरून मागे अशा दिशेने पाण्याने स्वच्छ करून टिश्यूने टिपून घ्या, पुरुषांनी कातडी मागे घेऊन धुवा. साबणाचा फेस राहू देऊ नका. मग पहिली थोडी धार कमोडमध्ये सोडा, न थांबता मधली धार डबीत घ्या, अर्धी डबी पुरे, शेवटची पुन्हा कमोडमध्ये. बायकांनी मधली धार घेताना एका हाताने त्वचा बाजूला धरली तर अंगावरचं पांढरं पाणी त्यात येत नाही. झाकण घट्ट लावा, डबीवर तुमचंच नाव आणि नंबर आहे ना ते स्वतः वाचा आणि लगेच द्या, खिडकीवर ठेवून फोन करत बसू नका.

लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांपैकी एकाने आत जावं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अनोळखी बाथरूममध्ये "कर आता" म्हटलं की होत नाही, घरीच दोन दिवस डबीत करायची सवय खेळासारखी करून घ्या.

## ७. पट्टीवर काही आलं, तर तिथेच काय करायचं

माझ्या वेळी तंत्रज्ञ ताईने पट्टी डबीला लावून धरली, रक्ताचा चौकोन पिवळ्यावरून गडद हिरवा झालेला मला समोर दिसत होता. रक्त २+, प्रोटीन १+. मी काही विचारलंच नाही, मान हलवली आणि बाहेर आले. ती सगळ्यात मोठी चूक.

उठायच्या आधी हे विचारा आणि लिहून घ्या: नक्की काय आलं आणि किती प्लस? रिपीट इथेच करायची का, आणि कधी? फी किती, कारण जादा तपासण्यांचा खर्च आपलाच असतो. आणखी रक्ताची तपासणी लागणार आहे का? आणि हे सांगा, पाळी कधी संपली, ताप, व्यायाम, औषधं, मूतखडा. मेडिकल झाल्याचा कागदही मागून घ्या, अपफ्रंट, म्हणजे अर्जाआधी मेडिकल करणाऱ्यांना तो अर्जाला जोडावा लागतो.

पॅनल डॉक्टर पास-नापास ठरवत नाही. तो तपासणीची माहिती ईमेडिकल या ऑनलाइन सिस्टिमवर भरतो, काही वेगळं नसेल तर ए ग्रेड, काही नोंदवण्यासारखं असेल तर बी ग्रेड. बी म्हणजे नापास असं कितीतरी जण धरून चालतात. बी म्हणजे कॅनडाच्या मेडिकल ऑफिसरने फाइल डोळ्याखालून घालायची, इतकंच. निर्णय त्यांचा. त्यामुळे क्लिनिकमधल्या डॉक्टरशी हुज्जत घालून किंवा "एवढं लिहू नका" अशी विनवणी करून काही मिळत नाही.

आखाती देशांच्या मेडिकलची गोष्ट वेगळी, तिथे निकाल फिट-अनफिट असा लागतो. रत्नागिरी-चिपळूणकडून आखातात जाणाऱ्यांचा अनुभव कॅनडाला लावू नका, तिकडच्या मामाने सांगितलं म्हणून इकडे रडत बसलेली माणसं मी पाहिलीत.

## ८. रिपीट टेस्ट

पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्याच्या मधल्या अकरा दिवसांत मी घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी संपवली. इन्फेक्शन आहे की नाही हेच माहीत नसताना. असं करू नका. जंतू नसताना गोळी घेऊन फायदा शून्य, आणि खरंच जंतू असले तर अर्धवट डोसाने कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) ते नीट दिसत नाहीत आणि डॉक्टरलाच कोडं पडतं. जळजळ, ताप, पोटात दुखत असेल तर आधी कल्चरचा नमुना, मग डॉक्टर सांगेल ती गोळी, पूर्ण दिवस.

अंगदुखीला घेतो त्या पेनकिलर या दिवसांत मनाने घेऊ नका, किडनीला त्या नको असतात.

रिपीटला शक्य असेल तर सकाळची वेळ मागा. विशीच्या आतल्या उंच, सडपातळ मुलामुलींमध्ये एक प्रकार दिसतो, दिवसभर उभं राहिलं की लघवीत प्रोटीन येतं आणि रात्रभर आडवं झोपल्यावर पहाटेच्या लघवीत येत नाही. तो धोक्याचा नसतो, पण दुपारच्या नमुन्यात सापडतो. तुमच्या मुलाचं असं आलं तर पहाटेच्या पहिल्या नमुन्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

माझी रिपीट पाळी संपून तेरा दिवसांनी झाली. आदल्या रात्री ठाण्याला मावसबहिणीकडे राहिले, तिने सकाळी दोन तांबे पाणी समोर ठेवलं, नमुना मधल्या धारेचा दिला. चौकोन पिवळाच राहिला. ज्यांचं कारण तात्पुरतं असतं त्यांचं प्रकरण इथेच मिटतं.

## ९. दुसऱ्यांदाही आलं तर

आता हे गांभीर्याने घ्यायचं, पण व्हिसासाठी नाही, शरीरासाठी. साधारणपणे पुढचा क्रम असा असतो: सूक्ष्मदर्शकाखाली लघवी, रक्तातलं क्रिएटिनिन, आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतल्या प्रोटीनचं नेमकं मोजमाप. रेशो ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. गरज वाटली तर सोनोग्राफी आणि नेफ्रॉलॉजिस्टचं पत्र.

नेफ्रॉलॉजिस्टकडे जाताना "सर्टिफिकेट द्या" म्हणून जाऊ नका. पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: निदान काय, सध्या किडनीचं काम कसं आहे, औषधं कोणती, आणि पुढच्या काही वर्षांत डायलिसिस किंवा मोठ्या उपचाराची शक्यता आहे का. "पेशंट फिट आहे" या एका ओळीने कुणाचं समाधान होत नाही. पत्र लेटरहेडवर, तारीख, सही-शिक्का, आणि पासपोर्टवर आहे तेच नाव. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे असतं कुठे नसतं, तेवढ्यावरून कागद परत येतात.

कॅनडा आरोग्यावरून नकार देतं त्याची कारणं तीन: इतरांच्या आरोग्याला धोका, सुरक्षिततेला धोका, आणि तिथल्या आरोग्यसेवेवर जास्त भार. लघवीतल्या गोष्टीचा संबंध आला तर तिसऱ्याशी. त्याची मर्यादा २०२५ साली वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती. बीपीची गोळी, शुगरची गोळी, थोडं प्रोटीन, जुना मूतखडा यांचा खर्च सहसा तिथवर जात नाही. डायलिसिसचा जातो. आणि नवरा-बायको किंवा अवलंबून असलेली मुलं स्पॉन्सर होऊन जात असतील तर त्यांना हा भाराचा नियम लागूच होत नाही, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आईवडिलांच्या स्पॉन्सरशिपला मात्र लागतो.

नकाराच्या आधी प्रोसिजरल फेअरनेस लेटर येतं, आपलं म्हणणं मांडायला मुदत दिलेली असते. ते आलं तर इथे-तिथे विचारत वेळ घालवू नका, त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टची वेळ घ्या आणि लायसन्स असलेल्या इमिग्रेशन कन्सल्टंटला किंवा वकिलाला कागद दाखवा.

## १०. वाट बघण्याच्या दिवसांत

जादा तपासणी मागितली असेल तर ती त्याच पॅनल डॉक्टरकडून अपलोड होते, आपण भरायची नसते. तपासणी झाल्यावर चार-पाच दिवसांनी क्लिनिकला फोन करून "अपलोड झालं का" एवढं विचारा. कधी कधी रिपोर्ट तयार असतो आणि कुणीतरी सबमिट करायचं राहिलेलं असतं, माझ्या दिराचा असाच आठ दिवस पडून होता. त्यानंतर खात्यातलं स्टेटस आठवड्यातून एकदा बघा.

सगळे रिपोर्ट, पट्टीचा निकाल लिहिलेला कागद, नेफ्रॉलॉजिस्टचं पत्र, औषधांची यादी, यांची एक फाइल आणि फोनमध्ये फोटो. ज्यांच्या लघवीत दुसऱ्यांदाही प्रोटीन किंवा रक्त आलं होतं त्यांनी पीआर आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या, कारण तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टर त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. आणि ती फाइल चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत ठेवा. तिकडे फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो, आणि पहिल्या भेटीत तो विचारणार "आधी कधी तपासलं होतं?"